कावळे गेले होते त्या वर्षी

आमच्या फाट्यावर एस.टी. थांबायची ती ड्रायव्हरच्या मर्जीनं. म्हणून मी नगरला कॉलेजात निघालो त्या सकाळी दादानं धोका पत्करलाच नाही. बस लांबून दिसली तसा तो पुणे-नगर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला, दोन्ही हात वर करून. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि खिडकीतून डोकं काढून दादाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दादावर त्याचा काही परिणाम झाला नाही. "माझा भाव कालेजला चाललाय," एवढंच तो म्हणाला आणि माझी पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन शिडीनं टपावर चढला. एवढं सांगितल्यावर कुणाचाही राग निवळेल असं त्याला मनापासून वाटत होतं.

बस हलता हलता तो माझ्या खिडकीशी आला. "काय कळलं तर आमाला बी सांग," म्हणाला.

"काय कळलं तर?"

"ते मला ठावं असतं तर तुला कशाला धाडला असता?"

आणि तो मोठ्यांदा हसला. हसला की त्याचा वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसायचा. एकाहत्तर सालचा जून होता, आणि मी घरातून निघालो होतो ते परत येण्यासाठी, असा माझा समज होता.

आण्णा फाट्यावर आले नव्हते. आमचे वडील निरोपाबिरोपाच्या भानगडीत पडत नसत. दारातच त्यांनी मला एक वाक्य सांगितलं, जे ते रोजच कुणा ना कुणाला सांगायचे: "डोळ्यानं बगितल्याबिगर बोलू नगं." दुसऱ्यांचे बाप पोराला नीट जेवत जा, जपून राहा म्हणतात. पण आण्णांचं सगळं आयुष्य या वाक्यावर चाललं होतं. गावात कुणाची शेळी कुणाच्या रानात शिरली, कुणी कुणावर आधी हात उचलला, असलं काही झालं की पंच आण्णांना बोलवायचे. "शेळी रानातनं भाईर येताना बगितली. आत जाताना न्हाई बगितली," असं ते सांगायचे आणि पंचांच्या डोक्याला ताप व्हायचा. पण त्यांनी एकदा 'बगितली' म्हटलं की वाद तिथंच मिटायचा. गावात इतर कुणाच्या शब्दाला तेवढं वजन नव्हतं.

गावाकडं राहिलेल्या माझ्या माणसांनो, पुढची हकीकत तुम्हाला ठाऊक आहे, आपापल्या परीनं. माझ्यासारखे जे गाव सोडून लांब जाऊन बसले, त्यांनी ती अर्धीमुर्धी ऐकली असेल. मी उभा जन्म बडोद्याच्या कॉलेजात पोरांना तत्त्वज्ञान शिकवलं. आपल्याला एखादी गोष्ट कळते म्हणजे काय होतं, यावर तासन् तास बोललो. आणि घरातली एक गोष्ट मला आजतागायत कळलेली नाही. ती एकदा लिहून काढावी, म्हणून बसलो आहे.

केडगाव तेव्हा नगरला चिकटलेलं नव्हतं. मधे रानं होती. तिथं एका शेतकऱ्याच्या घराची पडवी मला राहायला मिळाली. तिथून सायकलनं कॉलेज. आईचा डबा एस.टी.नं यायचा. फाट्यावर दादा तो कंडक्टरच्या हवाली करायचा आणि कंडक्टर केडगावच्या चहाच्या टपरीवर ठेवायचा. फडक्याची गाठ दादा अशी आवळायचा की ती मला दातांनी सोडवावी लागे. टपरीवाला म्हणायचा, "आधी गाठ खाऊन घे, मग भाकर."

तत्त्वज्ञान मी काही आवडीनं घेतलं नाही. त्या वर्गात जागा होती. पण तर्कशास्त्राचे सर भले होते, आणि पहिल्याच सहामाहीत त्यांनी मला गटवलं. माणसाला कळतं ते कशाकशानं, हे ते फळ्यावर लिहायचे. डोळ्यांनी पाहून कळतं, ते प्रत्यक्ष. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथं विस्तव असणार, हे अनुमान. आणि ज्याच्यावर विश्वास ठेवावा अशा माणसानं सांगितलं म्हणून कळतं, ते शब्द. असा माणूस म्हणजे आप्त. मला लगेच आण्णा आठवले. इतके लोक ज्याच्यावर विसंबून असतात असा माणूस आमच्याच घरात भाकरी खातो, याचा मला वर्गात बसून अभिमान वाटला.

एक दिवस सरांनी विचारलं, "या टेबलावर घडा नाही, हे तुम्हाला कसं कळलं?" घडा असेल तर तो डोळ्यांना दिसेल. पण 'नसणं' कसं दिसणार? मग सरांनी सांगितलं की नसणं कळण्याचीही एक रीत आहे. असता तर दिसला असता, आणि दिसत नाही, म्हणून नाही. फक्त एक अट आहे, उजेड पाहिजे. अंधारात घडा दिसला नाही, तर तो नाही असं म्हणता येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे मोठ्या हौसेनं दादाला सांगितलं. तो बैलांना पाणी दाखवत होता. हौसावहिनी, त्याची बायको, शेण भरत होती. दादानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "घडा न्हाई हे कळाया नगरला जावं लागतं व्हय?" वहिनी पदर तोंडाला लावून इतकी हसली की पाटी खाली ठेवावी लागली. मीही हसलो. आमच्या घरातलं ते सगळ्यात चांगलं वर्ष होतं, पण तेव्हा तसं वाटलं नव्हतं.

बहात्तरला पाऊस झालाच नाही. आमचं गाव राळेगणसिद्धीच्या पलीकडं. त्या भागातली सगळीच गावं तेव्हा सारखी कोरडी, कुणी कुणाला पाणी द्यावं अशी परिस्थिती नव्हती. विहिरींचे तळ दिसू लागले. तळं आटलं. केडगावात येणाऱ्या डब्यात ज्वारीच्या जागी रेशनवरच्या तांबड्या परदेशी मिलोची भाकरी आली. ती घशाखाली उतरायची नाही, पण आईनं थापलेली होती. आई आणि वहिनी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या. झाडं वाळली, पाखरं कमी झाली. पाखरांचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, जो तो चाऱ्याच्या मागे होता.

दिवाळी झाल्यावर दादानं बैलगाडी जुंपली. राहुरीच्या बाजूला उसाची वाहतूक होती आणि उसाच्या वाढ्यावर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर, बैल जगणार होते. जाताना रस्त्यात केडगाव लागतंच. टपरीसमोर गाडी उभी करून त्यानं मला हाक मारली. त्या दिवशीचा डबा त्यानं स्वतःच आणला होता. आम्ही चहा प्यायलो. अंगात त्याचा निळ्या चौकटीचा शर्ट होता, सुप्याच्या बाजारातल्या ताग्यातला.

"मग? कळलं का काय?" त्यानं विचारलं.

"आजून न्हाई," मी म्हटलं.

"बरं. घाई न्हाई."

आणि त्यानं बैलांना हाळी दिली. मी डबा घेऊन पडवीत आलो. त्या दिवशीही गाठ दातांनी सोडवली.

पौषात त्याच्या गाड्यांच्या टोळीतले लोक बैल घेऊन गावात आले. दादा आला नाही. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी तो "आलोच" म्हणून अड्ड्यावरून गेला, आणि परत आला नाही. त्यांनी वाट पाहिली, शोधलं, आणि मुकादमानं अखेर बैल पोचते करायला सांगितलं. बैल ठीक होते. गोठ्यात गेल्या गेल्या त्यांनी आपापली जागा घेतली.

मग बातम्या येऊ लागल्या. कुणी म्हणालं, मनमाडच्या स्टेशनावर दिसला. कुणी म्हणालं, कुठल्याशा ट्रकवर माल भरताना. सांगणाऱ्यांपैकी प्रत्येकानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी तो पाठमोरा होता. आणि मग ती बातमी आली. राहुरीच्या पलीकडं कालव्यात एक प्रेत लागलं होतं. बरेच दिवस पाण्यात होतं. पोलिसांनी बेवारस म्हणून पुरून टाकलं होतं, पण अंगावरचा शर्ट ठेवला होता.

आण्णा, मी आणि भावकीतले बापूकाका, असे तिघं गेलो. हवालदारानं टेबलावर शर्ट टाकला. निळ्या चौकटीचा. वाळून कडक झालेला. बापूकाकांनी पाहताक्षणी हंबरडा फोडला. हवालदारानं कागद पुढं ओढला आणि आण्णांना विचारलं, "तुमच्याच पोराचा ना?"

आण्णांनी शर्ट उलटा केला, सुलटा केला. त्या ताग्यातले शर्ट निम्म्या तालुक्याच्या अंगावर होते. बापूकाकांच्या पोराच्या अंगातही होता. आण्णांनी विचारलं, "त्याचा वरचा दात दुसऱ्या दातावर चढल्याला हुता का?"

"म्हातारबा, पाण्यातलं प्रेत ते. दात कोन बगत बसलंय?"

"मंग मी कसं सांगू?"

"आवं, पन शर्ट तर वळखता का न्हाई?"

"शर्ट असलाच हुता. हाच हुता का, ते सांगता यायचं न्हाई," आण्णा म्हणाले. हवालदार माझ्याकडे वळला. मी शिकलेला दिसत होतो. मला धूर दिसत होता, पण विस्तव कुणाच्या घरचा आहे ते दिसत नव्हतं. मी मान हलवली ती कुठल्या बाजूला हलवली हे मलाच कळलं नाही. त्यानं कागदावर काहीतरी खरडलं आणि आम्हाला जायला सांगितलं.

येताना एस.टी.त बापूकाका आण्णांवर चिडले. "पोटच्या पोराचं शेवटचं बी करू देईना हा मानूस!" असं ते सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले. आण्णा खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला ते हात उचलत नव्हते. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. बापाला रडताना पाहून काय करायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी त्यांची टोपी धरून बसलो.

घरी आल्यावर आईनं एकच विचारलं, "बगितला का?" आण्णांनी नाही म्हटलं. "मग झालं तर," ती म्हणाली आणि चुलीकडं गेली. तिच्या दृष्टीनं दादा जिवंत होता. इकडं बापूकाकांनी आणि सगळ्या भावकीनं तो गेला असं धरलं होतं. या दोन्हींच्या मधे हौसावहिनी होती. तिच्या लग्नाला तीन वर्षंही झाली नव्हती, पदरात मूल नव्हतं. आमच्यात बाईचं मोहतूर, म्हणजे दुसरं लग्न, लागतं. पण त्यासाठी पहिला नवरा गेला असं ठरायला हवं. तिचा भाऊ दोनदा येऊन गेला. गरीब माणूस होता, भांडला नाही. "काय ते एकदा ठरवा, पावनं. तिचं वय हाय," एवढंच म्हणायचा आणि पाणी न पिता जायचा. अर्थात पाणी द्यायलाही कुणाकडं नव्हतं.

सगळ्यांना आण्णांचा शब्द हवा होता. ते 'गेला' म्हणाले असते तर वहिनी मोकळी झाली असती. ते 'हाय' म्हणाले असते तर निदान भावकीचं तोंड बंद झालं असतं. गावानं इतकी वर्षं ज्या सवयीसाठी त्यांना डोक्यावर घेतलं होतं, त्याच सवयीपायी आता लोक त्यांना हट्टी म्हातारा म्हणू लागले. "मी बगितलं न्हाई," ते म्हणत. त्याच्या पुढं एक अक्षर नाही.

मग सगळ्यांनी मोर्चा माझ्याकडं वळवला. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो होतो. नुकताच नीतिशास्त्राचा पेपर दिला होता. दुसऱ्याच्या भल्यासाठी खोटं बोलावं की बोलू नये, असा त्यात प्रश्न होता आणि मी दोन्ही बाजू मांडून पानंच्या पानं भरली होती. पेपर सोपा गेला म्हणून आम्ही मित्रांनी भजी खाल्ली होती.

वहिनी मला रस्त्याच्या कामावर भेटली. मी आईची भाकरी पोचवायला गेलो होतो. ती खडीच्या ढिगाशी बसली होती, हातात हातोडी, बोटांना चिंध्या बांधलेल्या. कपाळावर कुंकू होतं, घामानं ओघळलेलं. माझ्याशी ती नेहमी थट्टेनं बोलायची. त्या दिवशी तिनं वर पाहिलंही नाही.

"भावजी, तुमच्या पुस्तकात हाय का काय?"

"कशाचं, वहिनी?"

"ह्याचंच. तुमी ते सांगितलं हुतं न्हवं, घड्याचं. न्हाई हे कसं कळतं त्याचं."

मी म्हटलं, "त्याला उजेड लागतो, वहिनी. अंधारात सांगता येत नाही."

ती थोडा वेळ खडी फोडत राहिली. मग म्हणाली, "हाय म्हना, मी वाट बगन. न्हाई म्हना, मी रडन. मला दोनी येतं. पर ह्ये मदीच किती दिस उबी ऱ्हाऊ, तेवडं कुनीतरी सांगा."

तिला उत्तर देता येईल असं एकही पुस्तक मी तेव्हा वाचलेलं नव्हतं. पुढं बरीच वाचली. त्यांतही नव्हतं.

बापूकाकांनी तोड काढली. ज्याचा देह मिळत नाही त्याचाही विधी असतो. दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दहाव्याला पिंड ठेवायचा. आण्णा बसणार नाहीत हे उघड होतं. राहिलो मी, धाकटा भाऊ. मी हो म्हटलं. दादा गेला असं मला कळलं होतं म्हणून नव्हे. वहिनीला त्या मधल्या जागेतून बाहेर काढायचा दुसरा रस्ता मला दिसेना. आण्णांना विचारलं, तर म्हणाले, "तू कर. मी अडवीत न्हाई. मला बोलाय लावू नगा." आई मात्र बांगड्यांवर अडली. बाया वहिनीच्या बांगड्या फोडायला आल्या, तर आईनं तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून ठेवले. "दहाव्याला कावळा शिवू द्या," आई म्हणाली. "शिवला तर मी सोता फोडीन." बायांनी शेवटी तेवढं मान्य केलं.

म्हणजे आता सगळं कावळ्यावर आलं. तो पिंडाला शिवला की दादा गेला, वहिनी विधवा आणि भावाबरोबर जायला मोकळी. शेजारच्या गावाहून भटजी आले होते. त्यांच्यासमोर मी दर्भाच्या पुतळ्याला अग्नी दिला. पुतळा एवढासा होता, भुर्रकन जळून गेला. त्या पुतळ्याला दादा समजायचा मी खूप प्रयत्न केला. मला सारखा तो रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभा असलेला दिसत होता.

दहाव्याला आम्ही आटलेल्या तळ्याच्या काठी जमलो. तळ्याचा तळ भेगाळला होता. मी भाताचा पिंड ठेवला, हात जोडले आणि सगळे मागे सरून उभे राहिलो. बायका अशा ठिकाणी येत नाहीत, पण आई आली होती, जरा लांब, बाभळीखाली. आण्णाही आले होते. ते कुणात मिसळले नाहीत.

कावळा आला नाही. ऊन चढलं. आमच्याकडं कावळा अडला की गेलेल्याचं मन कशात तरी गुंतलंय असं धरतात आणि नातलग मोठ्यानं वचनं देतात. बापूकाकांनी सुरुवात केली, "बैलांची काळजी करू नगंस रं, मी बगन!" कुणी म्हणालं, "म्हातारा-म्हातारीला अंतर देनार न्हाई!" वहिनीचा भाऊ पुढं झाला, घसा खाकरला, आणि म्हणाला, "हौसाचं आमी चांगलं करू, दाजी." तो खरोखरच दाजींशी बोलल्यासारखा बोलला आणि मागं येऊन रडायला लागला. माझी पाळी आली. मी काय वचन देणार? तोंडातून आलं ते असं: "कळलं की सांगन, दादा." लोकांनी एकमेकांकडं पाहिलं.

कावळा आला नाहीच. मी आभाळाकडं पाहत होतो आणि एकाएकी माझ्या ध्यानात आलं की मी फक्त आज नव्हे, आल्यापासून गावात कावळा पाहिलेलाच नाही. पाणी नव्हतं, उष्टं-खरकटं नव्हतं, झाडांना पान नव्हतं. कावळे केव्हाच गाव सोडून कालव्याच्या मुलखात गेले होते. मी ते बोलून दाखवलं. "गावात कावळाच ऱ्हायला न्हाई, काका. यील कुटून?"

"मागं तुकाबाबाच्या पिंडाला शिवला की," कुणीतरी म्हणालं.

"तवा तळ्यात पानी हुतं."

कुणाला पटलं, कुणाला नाही. माझं अनुमान बरोबर होतं. आजही मी त्याला पैकीच्या पैकी मार्क देईन. पण त्यानं कावळ्यांचं काय झालं ते कळलं. दादाचं काय झालं हे कळायला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

आई बाभळीखालून उठून आली. तिचा चेहरा उजळला होता. "मी म्हनत न्हवते? त्यो जित्ता हाय. जित्त्याच्या पिंडाला कावळा कसा शिवंल?" असं ती प्रत्येकाला सांगत सुटली. बापूकाका म्हणत होते की त्याचा जीव बायकोत अडकलाय, म्हणून शिवत नाही. भटजी बिचारे उन्हानं कासावीस झाले होते. ते म्हणाले, अशा वेळी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायची सोय आहे, शास्त्राला चालतं. सगळ्यांना हायसं वाटलं. गाठ मारून कावळा करायला भटजींनी दर्भाची काडी माझ्या हातात दिली.

आण्णा तेव्हा पहिल्यांदा बोलले. "दर्भाचा पोरगा केला, गप बसलो. आता दर्भाचा कावळा नगं." आवाज चढलेला नव्हता. "येवडं एक तरी खऱ्याचं असू द्या."

मी काडीची गाठ मारत होतो. मी वहिनीच्या भावाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आण्णांकडं पाहिलं. गाठ मारली असती तर वहिनी सुटली असती. आण्णांचा शब्द मोडला असता तर आण्णांचं काय उरलं असतं? आई पुढं आली आणि तिनं माझ्या हातातून काडी काढून घेतली. मी सोडली की तिनं ओढली, हे मला आजही सांगता येत नाही. काडी भेगेत पडली. पिंड तसाच ठेवून आम्ही घरी आलो.

वहिनी उंबऱ्यात बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून. बांगड्या होत्या. तिनं आमच्या चेहऱ्यांकडं पाहिलं आणि ती उठून चूल पेटवायला गेली.

तिचा भाऊ तिला घेऊन गेला. पाऊस पडला, पेरण्या झाल्या, आणि एक दिवस ती आपली आपण परत आली, एस.टी.नं, फाट्यापासून चालत. कपाळावर कुंकू होतं. भावानं पुन्हा काही स्थळं आणली, पण नवरा हयात नाही असं सांगायला आण्णाच तयार नसतील तर मोहतूर लावणार कोण? पुढं पुढं स्थळं आणणंही थांबलं. तिनंच आई-आण्णांचं सगळं केलं. मी मात्र शिकत राहिलो. पुण्याला गेलो, तिथून बडोद्याला नोकरी लागली. एका बंगाल्यानं माझी मुलाखत घेतली होती, ज्ञान म्हणजे काय असं त्यानं विचारलं होतं, आणि मी घडाघडा उत्तर दिलं होतं.

बडोद्यात मी रमलो. शेव-उसळ खायला शिकलो, शेजाऱ्यांशी गुजरातीत भांडायला शिकलो, मुलांची नावं तिकडच्या शाळेत घातली. गावाकडं तोवर माती अडवायची, पाणी जिरवायची कामं झाली. राळेगणसिद्धीचं नाव ऐकून लोक बघायला येऊ लागले. आमच्याही तळ्यात पाणी टिकू लागलं, झाडं आली. आण्णा गेले तेव्हा मी त्याच तळ्याकाठी पिंड ठेवला, आणि हात जोडून मागं सरकायच्या आत कावळा आला. एक नव्हे, चार-पाच. आई तेव्हा थकली होती, तिला धरून आणलं होतं. कावळ्यांकडं बघून ती पहिल्यांदा खचली. "ह्यास्नी लगीच शिवला," एवढंच म्हणाली. मला वाटतं, इतकी वर्षं कावळा आला नाही या एका गोष्टीवर ती जगत होती, आणि कावळे असे सहज येतात हे तिनं त्या दिवशी पाहिलं. त्यानंतर तिनं दादाचं नाव काढलं नाही. वर्षाच्या आत तीही गेली.

जाण्याआधी आण्णांनी मला काही सांगितलं असेल, असं लोकांना वाटतं. नाही सांगितलं. त्यांना काय वाटत होतं, दादा होता की नव्हता, हे मला ठाऊक नाही. ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

पितृपंधरवड्यात आम्ही बडोद्यात गच्चीवर पान ठेवतो. आण्णांचं, आईचं. इथले कावळे धीट आहेत, खीर खाली ठेवायची फुरसत देत नाहीत. मुलगा मोठा झाल्यावर एकदा म्हणाला, "पप्पा, काकांचं पान का नाही ठेवत? आता ते असले तरी किती म्हातारे असतील." त्याचं बरोबर आहे. हिशेब केला तर कुणाचंही अनुमान तेच निघेल. पण ताट हातात घेतलं की हात थांबतो. ठेवलं तर मी त्याला मारला असं होतं. न ठेवलं तर तो असेल तिथं उपाशी. दरवर्षी मी बायकोला म्हणतो, यंदा राहू दे.

घर म्हणजे मला आता आमची ती जागा आठवत नाही. ती बदलली, पत्रे जाऊन स्लॅब आला. दारात माझ्या पुतण्यांची मोटारसायकल असायला हवी होती, ती नाही. वहिनी एकटी असते. केस पांढरे झालेत, कपाळावर कुंकू आहे. मी तिला इकडं ये म्हणून कितीदा विनवलं. ती येत नाही. घर बंद असलं तर येणारा माणूस परत जाईल, असं ती कधी बोलत नाही, पण मला तसं वाटतं. कदाचित तसं नसेलही.

रविवारी मी फोन करतो. शेजारची पोरगी तिला मोबाईल लावून देते. ती आधी मोठ्यानं श्वास घेते, मग तब्येत, पाऊसपाणी काही न विचारता पहिलं वाक्य बोलते, आणि ते ऐकलं की मी बडोद्यात नसतो.

"भावजी, काय कळलं का?"

"न्हाई, वहिनी."

"बरं," ती म्हणते. "घाई न्हाई."